मनोविकृतीचा आरंभ आणि उपचारातील विलंब

न्यासाच्या महोत्सवी अंकासाठी काही अभ्यासपूर्ण लिहावे असे चिटणीसांनी सुचविले, तेव्हा शिक्षणाचा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले होते. शिक्षकाकडून वाचकांची अपेक्षाही तीच असते. परंतु न्यासाच्या साहाय्य समितीवर काही वर्षे काम करताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली. मोतीबिंदू, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, अपघात यांसाठी मदतीचे अर्ज येतात, आणि वेळेवर येतात. मनाच्या दुखण्याचा अर्ज सहसा येतच नाही. आलाच तर त्यात ‘डोक्याचा त्रास’ एवढेच लिहिलेले असते, आणि चौकशी करता तो त्रास दोन-तीन वर्षांचा निघतो. हा मधला काळ जातो कोठे, आणि तो कमी करता येतो काय, या प्रश्नावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगात पुष्कळ संशोधन झाले आहे. ते एका डॉक्टराने किंवा एका शहराने केलेले नाही. अनेक शहरांनी मिळून केलेले आहे. त्याची ओळख आपल्या कुटुंबांना करून द्यावी, म्हणून हा लेख.

प्रथम आजाराविषयी. ज्याला डॉक्टर ‘सायकोसिस’ म्हणतात त्याला मराठीत मनोविकृती म्हणतात. आम्हीही येथे तोच शब्द वापरू. ‘वेड’ हा आपला जुना शब्द सर्वच प्रकारांना लावला जातो, शिवाय त्यात निंदा आहे, म्हणून तो बाजूस ठेवलेला बरा. मनोविकृतीत माणसाचा वास्तवाशी असलेला धागा सुटतो. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात. शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत, जेवणात काही घातले जात आहे, रेडिओवरचे बोलणे आपल्यालाच उद्देशून आहे, अशी पक्की समजूत होते आणि ती कोणत्याही युक्तिवादाने ढळत नाही. विचारांची संगती तुटते. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा यातील सर्वांस माहीत असलेला प्रकार. तथापि तीव्र उदासीनतेत, उन्मादात, काही नशांमुळे किंवा शरीराच्या काही रोगांमुळेही मनोविकृती होऊ शकते. म्हणून निदान हे डॉक्टरांचेच काम होय. घरच्यांचे नव्हे आणि शिक्षकाचेही नव्हे.

आरंभ बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात होतो. म्हणजे अकरावी-बारावी, कॉलेज, पहिली नोकरी, लग्न या साऱ्या गोष्टी ज्या वर्षांत घडावयाच्या, नेमक्या त्याच वर्षांत. आणि तो एकदम होत नाही. आधी झोप बिघडते, अभ्यास घसरतो, मित्र सुटतात, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष होते, मुलगा खोलीचे दार लावून बसू लागतो, उगाच संशय घेऊ लागतो. यात फसगत अशी की या वयातील कितीतरी मुले काही काळ अशी वागतात आणि आपोआप ठीक होतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉ. पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली तरुणांच्या पहिल्याच आजारासाठी स्वतंत्र केंद्र काढले आणि पुढे अशा उंबरठ्यावरच्या मुलांचाही अभ्यास केला. त्या आणि नंतरच्या अभ्यासांतून असे दिसले की, तज्ज्ञांनी काळजीपूर्वक निवडलेल्या, अतिशय धोक्यात असलेल्या मुलांतही पुढील दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष मनोविकृती होते ती साधारण चारा-पाचांत एकाला. तेव्हा दार लावून बसणाऱ्या प्रत्येक मुलाला आजारी ठरविणे हा अन्याय होईल. मात्र दाखवून घेण्यात अन्याय नाही. ताप आला की आपण रक्त तपासतो. तपासणीस पाठविले म्हणजे विषमज्वर झाला असा त्याचा अर्थ कोणी करीत नाही.

आता संशोधनाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. उघड लक्षणे दिसू लागल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत जो काळ जातो त्याला संशोधक ‘विनाउपचार काळ’ या अर्थाचे नाव देतात. हा काळ जितका लांब, तितका पुढचा परिणाम वाईट, असे निरनिराळ्या देशांत दिसून आले. पण यावरून उशिरामुळेच परिणाम वाईट होतो असे लगेच सिद्ध होत नाही. ज्यांचा आजार मुळातच मंदगतीचा आणि चिवट असतो, ते उशिरा डॉक्टरांकडे येतात आणि बरेही कमी होतात, असेही असू शकते. मग खरे काय ते ठरवावे कसे? रुग्णांना मुद्दाम उशिरा औषध देऊन पाहणे तर माणुसकीला धरून नाही. मार्ग एकच उरतो. एका प्रांतात हा काळ कमी करण्याचा नेटाने प्रयत्न करावयाचा, दुसऱ्या प्रांतात नेहमीचे चालू ठेवावयाचे, उपचार दोन्हीकडे सारखे द्यावयाचे, आणि वर्षानुवर्षे पाहत राहावयाचे. हे एका शहराचे काम नव्हे. मनोविकृतीचे नवे रुग्ण लाख वस्तीमागे वर्षाला साधारण वीस-पंचवीस निघतात. एकट्या गावाला पुरेसे रुग्ण मिळावयास एक पिढी लागेल.

हा प्रयोग नॉर्वे आणि डेन्मार्क या दोन देशांनी मिळून केला. नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्यावर रोगालान नावाचा प्रांत असून स्टाव्हांगर हे त्याचे मुख्य शहर. समुद्रातील तेलामुळे भरभराटलेले हे बंदर आहे. तेथील डॉ. यान ओलाव योहानेसन, डॉ. टोर केटिल लार्सन आणि अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डॉ. थॉमस मॅकग्लाशन यांनी तुलनेसाठी नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील एक विभाग आणि डेन्मार्कमधील रोस्किल्ड यांना सोबत घेतले. १९९७ ते २००० अशी चार वर्षे नव्या रुग्णांची नोंद झाली. एकूण रुग्ण २८१. पैकी १४१ रोगालानचे, १४० इतर दोन ठिकाणचे. योजनेचे नाव ‘टिप्स’.

प्रयत्न सुरू होण्यापूर्वी, १९९३-९४ मध्ये, स्टाव्हांगरकडे ४३ रुग्णांचा हिशेब मांडला गेला होता. त्यांच्या विनाउपचार काळाची सरासरी ११४ आठवडे होती, म्हणजे दोन वर्षांहून अधिक. परंतु मध्यक अवघा २६ आठवडे होता. हा फरक वाचकांनी समजून घ्यावा, कारण वर्तमानपत्रांतले आकडे वाचताना तो नेहमी उपयोगी पडतो. पाच माणसांचे उशीर १, २, ४, ६ आणि ८७ आठवडे आहेत असे धरा. बेरीज १००, सरासरी २०. पण वीसच्या जवळपास यांच्यातले कोणीच नाही! पाचांना ओळीत उभे केले तर मधला येतो ४ चा, तो मध्यक. एक माणूस फार उशिरा आला की सरासरी फुगते, मध्यक जागचा हलत नाही. स्टाव्हांगरलाही काही घरांतून रुग्ण वर्षानुवर्षे बाहेरच आले नव्हते, असा ११४ आणि २६ यांतील अंतराचा अर्थ. श्रीमंत देश, सरकारी खर्चाने चालणारे दवाखाने, आणि तरीही ही स्थिती. अडचण केवळ पैशाची नसते, हे येथे लक्षात घ्यावे.

मग त्यांनी केले काय? औषध नवे काढले नाही. प्रांतातील प्रत्येक घरी माहितीपुस्तिका पाठविली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, रेडिओवर व सिनेमागृहांत सूचना दिल्या. साध्या दवाखान्यांतील डॉक्टरांना लक्षणे ओळखण्याचे शिक्षण दिले. आणि आम्हाला विशेष वाटली ती गोष्ट अशी की, माध्यमिक शाळांतील शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी दरवर्षी वर्ग घेतले. यांच्या जोडीला ओळख-पथके नेमली. त्यांना कोणीही दूरध्वनी करावा: आई, मित्र, शिक्षक, स्वतः रुग्णही. चिठ्ठी लागत नसे, आणि गरज दिसल्यास चोवीस तासांच्या आत तपासणी होत असे.

याचे फळ त्यांना लवकरच मिळाले. रोगालानचा मध्यक २६ आठवड्यांवरून ५ वर आला, तर त्याच काळात ऑस्लो व रोस्किल्ड येथे तो १६ होता. रोगालानचे रुग्ण आले तेव्हा त्यांची लक्षणे सौम्य होती, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे बेत किंवा प्रयत्न त्यांच्यात कमी आढळले. ही शेवटची बाब आम्हाला सर्वांत मोठी वाटते. औषधाच्या परिणामाविषयी वाद होऊ शकतो. गेलेला जीव वादाने परत येत नाही.

दहा वर्षांनी पुन्हा सर्वांना शोधले. २८१ पैकी १७४ भेटले. लक्षणे शमलेली असण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळ जवळ सारखेच, म्हणजे निम्म्याच्या आसपास निघाले. परंतु लक्षणे शमून शिवाय स्वतःच्या पायावर उभे असणे, कामधंदा आणि मित्रमंडळी असणे, अशा पूर्ण अर्थाने सावरलेले लोक रोगालानमध्ये शेकडा ३१ होते, तर इतरत्र शेकडा १५. फरक पडला तो मुख्यतः नोकरी-व्यवसायात. आम्ही याचा अर्थ असा लावतो: आवाज आणि भ्रम औषधाने केव्हाही आटोक्यात आणता येतील, पण बारावीची परीक्षा, दुकानातली जागा, दारावर येऊन हाक मारणारा मित्र यांना एक मुदत असते. दोन वर्षे खोलीत काढलेल्या मुलाचे वर्गमित्र तोवर पुढे निघून गेलेले असतात. अर्थात शंका घेणारेही आहेत. लवकर ओळखले म्हणजे आजाराचे घड्याळ आधी सुरू केले, त्यामुळे काही फायदा नुसता दिसण्यापुरता असेल, असे त्यांचे म्हणणे. शिवाय शंभराहून अधिक रुग्ण दहा वर्षांनी हाती लागले नव्हते. हा आक्षेप रास्त आहे आणि तो पुरता मिटलेला नाही.

पण या योजनेतला सर्वांत बोधप्रद भाग अजून सांगावयाचा आहे. पुढे माहितीची मोहीम थांबविण्यात आली. पथके तीच राहिली, डॉक्टर तेच, दूरध्वनी तोच, औषधे तीच. बंद झाल्या त्या फक्त जाहिराती, पुस्तिका आणि शाळांतले वर्ग. आणि विनाउपचार काळाचा मध्यक ५ आठवड्यांवरून पुन्हा १५ वर गेला. लोक शिकले होते ते विसरले असे म्हणता येणार नाही. दरवर्षी नवी मुले त्या वयात येतात, नवे आईबाप प्रथमच त्या प्रसंगात सापडतात, आणि त्यांना कोणी सांगितलेले नसते. नववीचा भूगोल गेल्या वर्षी शिकविला म्हणून यंदा शिकवावयाचा नाही, असे चालत नाही, तसेच हे.

आता आपल्या देशाकडे येऊ. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निमहान्स संस्थेने बारा राज्यांत मानसिक आरोग्याची राष्ट्रीय पाहणी केली. त्यांत आपले गुजरात राज्यही होते. मनोविकृती असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना उपचार मिळत नाहीत, असे तीत आढळले. स्टाव्हांगरला उशीर आठवड्यांत मोजला. आपल्याकडे पहिला प्रश्न उपचारापर्यंत पोहोचण्याचाच आहे.

तरी आपल्या बाजूस काही नाही असे समजू नये. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या या परंपरेत भारत आरंभापासून आहे. १९६० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने छिन्नमनस्कतेचा नऊ देशांत एकाच वेळी अभ्यास हाती घेतला. त्यात लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन यांच्या पंगतीला आपले आग्रा होते. प्रश्नावली सर्वत्र एकच, निरनिराळ्या भाषांत उतरविलेली, म्हणजे आग्र्याचा रुग्ण आणि लंडनचा रुग्ण एकाच मापाने मोजता यावा. काही वर्षांनी पाहता आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची प्रगती श्रीमंत शहरांतल्यांपेक्षा बरी दिसली. सर्वांना आश्चर्य वाटले, आणि त्याच्या कारणांविषयी मतभेद अजूनही चालू आहेत.

अलीकडे चेन्नईची ‘स्कार्फ’ संस्था, जी डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केली, आणि कॅनडातील माँट्रियलचे मॅकगिल विद्यापीठ यांनी मिळून पहिल्या आजाराच्या रुग्णांना दोन्ही शहरांत सारख्याच पद्धतीचे उपचार दोन वर्षे देऊन पाहिले. चेन्नईचे १६८, माँट्रियलचे १६५. भ्रम आणि भास दोन्हीकडे सारखेच कमी झाले. पण उत्साह नसणे, बोलणे खुंटणे, कशातच मन न लागणे ही जी मागे रेंगाळणारी लक्षणे, ती चेन्नईत अधिक सुधारली. आणि कुटुंबाचा आधार हे त्याचे एक कारण असल्याचे दिसले. चेन्नईत डॉक्टरांशी घरच्या माणसांचा संपर्क अधिक राहत असे. मराठी मुलखाचाही अशा कामात भाग आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडू येथे छिन्नमनस्कतेच्या २८२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांकडे शिकवून तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघर जात, बाकीच्यांना फक्त दवाखाना. वर्षभराने घरी भेट मिळालेल्यांत थोडी पण निश्चित सुधारणा अधिक दिसली, जरी ती तिन्ही ठिकाणी सारखी नव्हती.

तेव्हा आपले कुटुंब हे आपले बळ आहे. पण हेच कुटुंब आरंभी विलंबाचेही कारण होते, हे नाकारून चालणार नाही. आमच्या पाहण्यातला क्रम साधारण असा असतो. पहिले काही महिने ‘अभ्यासाचा ताण’. मग नजर लागली, कोणी काही केले. मग नात्यातले कोणी म्हणतात की लग्न करून द्या, सुधारेल. मुलगी असेल तर उलट. तिचे लग्न ठरेपर्यंत कोणाला कळू द्यावयाचे नाही, म्हणून दवाखान्याची पायरीच चढावयाची नाही. आमचा एक माजी विद्यार्थी, गणितात हुशार, अकरावीत अबोल होत गेला. वडील दुकान सोडून त्याला घेऊन चौदा महिने ठिकठिकाणी हिंडले. शेवटी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी आम्हाला विचारले, “सर, हे औषधाने बरे होण्यासारखे आहे हे आधी कोणी का सांगितले नाही?” मुलगा आज औषध घेतो, एका छापखान्यात काम करतो, बरा आहे. गणित मात्र सुटले.

देवस्थाने आणि दर्गे यांविषयी लिहिताना आम्हाला थोडा संकोच होतो, कारण आम्ही स्वतः लहानपणी आजीचे बोट धरून दर्ग्यावर गेलेलो आहोत, आणि तेथे दुःखी माणसाला जो दिलासा मिळतो तो खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी निवासात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे जळून गेले, हेही विसरता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. यावर भांडण न करता मार्ग काढल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महेसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा असून तेथे सर्व धर्मांचे लोक अशा रुग्णांना आणतात. २००८ च्या सुमारास एका सेवाभावी संस्थेने राज्य शासनाच्या साहाय्याने तेथेच ‘दवा-दुवा’ नावाचा उपक्रम सुरू केला. मुजावरांना लक्षणे ओळखावयास शिकविले, आणि दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले. दुवा करा आणि दवाही घ्या, असे मुजावरच सांगू लागल्यावर दवाखान्याची भीती उरत नाही. आमच्या मते स्टाव्हांगरच्या ओळख-पथकाचेच हे आपल्या मातीतले रूप होय, जरी दोघांना एकमेकांची खबर नसली तरी.

उपचारांविषयी थोडक्यात. पहिल्या आजारात औषधाची मात्रा बहुधा कमी पुरते. गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि वजन वाढणे, सुस्ती येणे असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगावे, त्यावर उपाय असतो. बरे वाटू लागले की औषध आपल्या मनाने बंद करणे हे आजार उलटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. औषधाच्या जोडीला रुग्णाशी नियमित बोलणे, घरच्यांना आजार समजावून सांगणे, आणि शाळा किंवा काम लवकर पुन्हा सुरू करणे, हे सर्व मिळून उपचार होतो. घरी भ्रमावर वाद घालू नये, थट्टाही करू नये. “तुला भीती वाटते आहे हे आम्हाला दिसते, उद्या डॉक्टरांकडे जाऊ” एवढे बोलणे पुरते. शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६, रात्री-बेरात्रीही, अनेक भारतीय भाषांत आणि विनामूल्य. जिवाला धोका दिसत असेल तर मात्र फोनवर न थांबता रुग्णालय गाठावे.

न्यासाने काय करावे, हे विश्वस्तांना सांगण्याचा अधिकार आमचा नाही. तरी तीन सूचना लिहून ठेवतो. वैद्यकीय साहाय्याच्या छापील अर्जात रोगांची जी यादी आहे तीत मनोविकार हा शब्द घालावा, आणि असे अर्ज पूर्ण समितीपुढे न ठेवता अध्यक्ष आणि एक सभासद यांनीच पाहावेत, म्हणजे नाव बाहेर जाणार नाही. शिष्यवृत्ती घेणारा विद्यार्थी एका वर्षात एकदम घसरला तर शिष्यवृत्ती बंद करण्यापूर्वी कोणी तरी त्याच्या घरी जाऊन यावे. आणि जून महिन्यात वह्यावाटप होते तेव्हा पालक आपसूक जमतात. त्या दिवशी सरकारी मनोरुग्णालयातील एखाद्या डॉक्टरांना अर्ध्या तासासाठी बोलवावे. यंदा, पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या. अर्जाचा सुधारलेला मसुदा आम्ही चिटणीसांकडे दिला आहे.